गुलाबी भाकर

आमच्या आईचं लुगडं कधी फाटत नसे. त्याची फक्त बदली होत असे. अंगावर विरलं की मधला भाग कापून, बरी टोकं जोडून त्याला दांड घातला जाई आणि ते आणखी वर्षभर घरात वापरायला चाले. तिथून ते गोधडीत जाई, गोधडीतून उरलेलं उशीच्या अभ्र्यात, अभ्र्याचं फडकं, फडक्याचं पायपुसणं होई, आणि पायपुसण्याचंही सूत हाताला लागेनासं झालं की त्याचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून चूल पेटवायची. त्या चुलीच्या राखेनं भांडी घासायची. बाबूजी कचेरीत कारकून होते, त्यामुळे बदली हा शब्द घरात रोजचाच होता. लुगड्यालाही तो त्यांनीच लावला आणि चार लोकांत ते मोठ्या कौतुकानं सांगत. आई आतून ऐके आणि तिला फार बरं वाटे.

आर्वीला एसटी डेपोच्या मागच्या बाजूला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. वर पत्रे. पहिली गाडी सुरू होताना जी घरघर व्हायची तिनं आमची मांडणीवरची पितळी भांडी थरथरत, आणि तेच आमचं उठायचं घड्याळ. आम्ही गरीब होतो असं मी म्हणणार नाही. बाबूजींचा पगार दरमहा यायचा, पोटभर जेवण मिळायचं, सणाला कपडे मिळायचे. पण त्या घरातून काही बाहेर टाकायचं म्हणजे आईची परवानगी लागे, आणि ती सहसा मिळत नसे. दुधाचं पातेलं विसळलेलं पाणी कढीत जाई. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या वरणात. संत्र्याच्या साली पत्र्यावर वाळवून शिकेकाईत कुटल्या जात. साबणाचे चपटे तुकडे जुन्या कापडात बांधून त्याची पुरचुंडी न्हाणीत टांगलेली असे, आणि आम्हा बहिणींना नवी वडी केव्हा आली ते कळतही नसे. तुरीच्या डाळीला एरंडेल, ज्वारीत कडुलिंबाचा पाला, शिळ्या भाकरीचे फोडणी दिलेले कुटके. त्या कुटक्यांचा वास आजही मला कुठल्याही पक्वान्नापेक्षा लवकर भूक लावतो.

मागच्या महिन्यात आमच्या सिंदी मेघेच्या कॉलनीतल्या महिला मंडळानं मला बोलावलं. काकू, जुन्या काळच्या बचतीच्या युक्त्या सांगा म्हणाल्या. मी वर लिहिलंय तेच सगळं सांगितलं. दोघीतिघींनी मोबाइलवर चित्रीकरण केलं. टाळ्या झाल्या. एक तरुण बाई म्हणाली, तुमची आई किती ग्रेट होती हो काकू. मी हो म्हटलं, त्यांनी दिलेला वडा खाल्ला आणि घरी आले, ती चिडूनच. चिडायचं कारण त्यांच्यात नव्हतं. मी अर्धंच सांगून आले होते. अशा घरात जे काही वाचतं ते कुणाच्या तरी अंगावर वाचतं, हे मला त्या पंख्याखाली, त्या हसऱ्या बायांसमोर बोलता आलं नाही. ते इथे लिहिते.

आमच्याकडे एक रीत होती. तिला कुणी रीत म्हणत नव्हतं, पण ती चुलीइतकी पक्की होती. वरण आंबूस लागलं, लोणच्यावर पांढरं आलं, दूध नासल्यासारखं वाटलं, पिठाला वास मारला, की ते ताटातून उचलून आईकडे जायचं. आम्ही नाक मुरडून मोरीकडे निघालो की तिचा आवाज यायचा, "टाकू नोको, मले दे." ती चाखायची. मग थोडं खायची. संध्याकाळपर्यंत तिला काही झालं नाही तर तो जिन्नस बरा ठरायचा आणि आमच्या ताटात परत यायचा. पोट बिघडलं तर ती निमूट ओवा खायची आणि तो जिन्नस गाईला जायचा. बाबूजी याला आईची पारख म्हणत. ती सगळ्यांच्या शेवटी, चुलीशी पाठ करून जेवायची. तिच्या ताटात काय आहे हे वाकून बघायची आमच्या घरात कुणाला सवय नव्हती, आणि माझ्या ओळखीच्या कुठल्या घरात तशी सवय होती तेही मला आठवत नाही.

आईचा धाकटा भाऊ गणपतमामा आर्वीपासून जवळच्याच एका गावी शेती करायचा. बरी शेती होती, माणूस दिलदार होता. त्या वर्षी त्यानं ज्वारीचं सुधारित बियाणं आणलं आणि ऐनवेळी ज्वारीसाठी राखलेला तुकडा कपाशीखाली घेतला, त्यामुळे पेरणी उरकल्यावर त्याच्याकडे बियाण्याचं जवळजवळ भरलेलं पोतं उरलं. आई माहेरी गेली होती ती त्याच वेळी, आणि मी तिच्याबरोबर होते. बियाण्याला कीड लागू नये म्हणून गुलाबी भुकटी लावलेली होती. पोत्यात हात घातला की बोटं होळी खेळल्यासारखी व्हायची. मामा ते नाल्याकाठी खड्ड्यात टाकायला निघाला होता. आईनं त्याला अडवलं. म्हणाली, निदान बारदाना तरी दे, चांगलं नवं पोतं आहे. पाऊस भरून आला होता, म्हणून मामानं पोतं रिकामं न करताच बैलगाडीत टाकून आम्हाला घरी सोडलं आणि उतरवताना दोनदा बजावलं.

"बाई, पोतं ठेव, पन दाना फेकून देजो. औषध लावेल हाये त्याले. खायाचं नाई."

आई म्हणाली, फेकीन ना. मामा गेला. पोतं आत आलं, कोठीशेजारी भिंतीला टेकून उभं राहिलं, आणि बरेच दिवस ते तिथेच होतं. आई येता जाता त्याच्याकडे बघायची. टपोरा दाणा होता. आम्ही वर्षभर विकत घेऊन खायचो त्या ज्वारीपेक्षा कितीतरी सरस. मला वाटतं, तिला तो दाणा फेकवतच नव्हता. कुणी सांगितलं असतं की हे विष आहे, तर तिनं फेकला असता. औषध म्हटल्यावर तिला वाटलं, लावलेलं आहे म्हणजे काढताही येईल.

एके दिवशी तिनं घमेल्यात थोडी ज्वारी घेतली आणि धुवायला बसली. नव्या लुगड्याचा कच्चा रंग मिठाच्या पाण्यात काढायची तिची जुनी पद्धत होती, तीच तिनं इथे लावली. पहिलं पाणी लाल गेलं, मग गुलाबी, मग फिकं, मग जवळजवळ स्वच्छ. मी विचारलं तर म्हणाली, "रंग गेला का औषध गेलं." तिच्या हिशेबात यात काही चूक नव्हती. कापडात जे घडतं ते दाण्यात का घडू नये? पण आमच्याकडे धुण्याचं, तांदळाचं, डाळीचं, कुठलंच पाणी मोरीत जात नसे, ते सांबाराच्या वाफ्याला जायचं. हे पाणी मात्र तिनं मोरीत ओतलं आणि वरून दोन तांबे स्वच्छ पाणी सोडलं. ते मी पाहिलं. आणि ती ज्वारी तिनं गिरणीतही पाठवली नाही. म्हणाली, गिरणीत मागच्याचं पीठ पुढच्याच्या डब्यात जातं, लोकांच्या लेकरांच्या पोटात कशाला. माळ्यावरचं जातं तिनं खाली काढलं. दुपारी बाबूजी कचेरीत असताना, डेपोत गाड्या लागायच्या वेळी, त्या जात्याची घरघर सुरू होई. ओवी वगैरे काही नाही. ती तोंडाला पदर बांधून दळायची.

बाबूजींना तिनं चोरून काही केलं असं नाही. तिनं सांगितलं होतं. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता, बघून कर म्हटलं. शेजारीण म्हणाली, आधी कोंबडीला टाकून बघ. आई म्हणाली, कोंबडी दुसऱ्याची आहे. हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा लोकांना हसवायला सांगितलंय. ते विनोदी आहेच. पण ते बोलणाऱ्या बाईला स्वतःच्या जिवाची किंमत कोंबडीहून कमी वाटत होती, आणि ऐकणाऱ्या आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

त्या पिठाची भाकर हलकी गुलाबी व्हायची. दिसायला फार सुंदर. आम्हाला आमची रोजची पांढरी भाकर मिळे आणि शेवटी तव्यावर एक गुलाबी भाकर पडे, ती आईची. माझी धाकटी बहीण शोभा तेव्हा शाळेतही जात नव्हती. तिनं एक दिवस हट्ट धरला की मला गुलाबीच पाहिजे. आई हसून टाळत होती. शोभानं तव्यावरच्या भाकरीला हात घातला, तुकडा तोडला, आणि आईनं तिच्या तोंडावर अशी चापट मारली की तुकडा चुलीपर्यंत उडाला. आमच्या आईनं आम्हाला कधी बोटही लावलं नव्हतं. शोभा रडायचीसुद्धा विसरली. मग आईनंच तिला मांडीवर ओढून घेतलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली,

"पोळा होऊ दे. तंवर मले काही झालं नाई, तं सगळ्याईले देईन. तंवर त्या डब्याले हात लावू नोका."

तेव्हा राखी पौर्णिमाही यायची होती. म्हणजे इतर वेळी जी परीक्षा एका संध्याकाळची असे ती तिनं या खेपेला मुद्दाम लांबवली होती. काळजी घेतली होती तिनं. आजही तिला निष्काळजी म्हणणाऱ्याशी मी भांडेन. तिला सापडलेली चाचणी फक्त चुकीची होती. जे अन्न मारतं ते रात्रीपर्यंत मारतं एवढंच तिला ठाऊक होतं. हळूहळू साचणारं काही असतं, हे तिला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

राखीनंतर तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. ती म्हणाली, दळण जास्त झालं. मग ओठांना. मग सुईत दोरा जाईना. तोंडात ओला करून, पुन्हा, पुन्हा, शेवटी ती सुई माझ्याकडे द्यायची. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. उंबरठ्याला पाय अडखळायचा, आणि चालताना ती एका हातानं भिंत धरून चालायला लागली, जशी आमची शोभा पहिल्यांदा चालायला शिकली होती तशी. शेजारची बाई कुजबुजली की बाहेरचं काहीतरी लागलंय. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीचं औषध दिलं. आई ते औषध मला आणि शोभाला पाजायची, तिच्या मते वाढत्या अंगाला त्याची गरज जास्त. ज्वारीचं तिच्या किंवा कुणाच्या मनातही आलं नाही. खाण्यानं झालं असतं तर त्याच दिवशी झालं असतं ना?

पोळ्याला तिनं पुरण घातलं, पण पोळ्या मी लाटल्या. दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, ती सकाळपासून खुशीत होती. मुदत संपली होती. तिच्या हिशेबात ज्वारी पास झाली होती. आता पोतंभर दाणा, म्हणजे दिवाळीपर्यंतचं निम्मं धान्य घरात फुकट आलं होतं, आणि हे तिनं एकटीनं, कुणाला त्रास न देता करून दाखवलं होतं. तिनं परातीत गुलाबी पीठ घेतलं. भाकर थापताना तिचा हात पूर्वी असा फिरायचा की शेजारच्या नव्या सुना बघायला यायच्या. त्या दिवशी भाकर परातीत फाटत होती, तव्यावर टाकताना दुमडत होती. तरी तिनं एकेक करून सगळ्यांच्या ताटात वाढली. बाबूजींच्या ताटात, माझ्या, शोभाच्या. शोभा हरखून गेली होती. तिनं लगेच तुकडा मोडून तोंडात घातला.

तेवढ्यात गणपतमामा आला. पोळ्याला बैलांमुळे त्याला येता येत नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुरणाचा डबा घेऊन यायचा. तो दारातच थांबला. त्याची नजर ताटांवर गेली, मग कोठीशेजारच्या पोत्यावर. पुढचं सगळं मला आवाजांत आठवतं. पुरणाचा डबा खाली आपटला. बाबूजींचं ताट भिंतीवर गेलं. मामानं शोभाचं तोंड एका हातानं दाबून उघडलं आणि बोट घालून तुकडा बाहेर काढला. ती किंचाळली. माझी भाकर त्यानं माझ्या हातातून ओढली. मग तो चुलीकडे वळला, जिथे आई परातीशी बसली होती.

"बाई, हे तू खाऊन राह्यली? किती दिसापासून?"

आईनं वर बघितलं, पण नेमकं त्याच्याकडे नाही, त्याच्या थोडं बाजूला. तिची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत मिसळत होते. ते तोवर आम्ही रोज ऐकत होतो आणि रोज ऐकल्यामुळे आम्हाला ऐकू येत नव्हतं. मामानं ते पहिल्यांदा ऐकलं.

"मले तं काही नाई झालं ना," ती म्हणाली.

मामा तिथेच, सांडलेल्या पुरणाशेजारी बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिला काही कळेना. ती हात लांब करून पुरण गोळा करायला लागली, आणि तिचा हात पुरणाच्या अलीकडेच, कोऱ्या जमिनीवर फिरत होता.

सेवाग्रामच्या दवाखान्यात आम्ही तिला नेलं. मामानं सोबत ओंजळभर दाणा कागदात बांधून घेतला होता. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी कागद उघडून दाणा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, या भुकटीत पारा असतो, तो धुऊन जात नाही, दाण्यात उतरतो, आणि माणसाच्या अंगात साचत राहतो. त्यांनी बाबूजींना विचारलं की या रोज काय जेवायच्या, आणि हे खाणं नेमकं केव्हापासून चाललं होतं. बाबूजींना कचेरीतल्या कुठल्या कपाटात कुठली फाइल आहे ते डोळे मिटून सांगता येई. ते माझ्याकडे वळले. मी सांगितलं, राखीच्या आधीपासून, कारण मला जात्याचा आवाज आठवत होता. बाबूजी घरी परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. त्यानंतर लुगड्याच्या बदलीची गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही.

आई वाचली. वाचली म्हणजे आणखी पुष्कळ वर्षं आमच्यात राहिली. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, बोटांतून आणि डोळ्यांतून जे गेलं ते फारसं परत आलं नाही. तिला समोरचं तेवढं दिसे, बाजूचं दिसत नसे. ताटाच्या मधलं वरण दिसायचं, कडेची चटणी दिसायची नाही. मी शाळा सुटली की धावत येऊन भाकरी थापायचे, आणि तापलेल्या तव्याला तिचा हात लागू नये म्हणून चूल आणि ती यांच्यामध्ये बसायचे. तिला ते आवडत नसे. मलाही आवडत नसे. चिडायचो आम्ही दोघीही. प्रेमळ वगैरे काही नव्हतं ते. एका घरात दोन बायका आणि कामाचे हात दोनच, एवढंच होतं.

आज माझ्या घरात वास आला, रंग बदलला, शंका आली, की मी पदार्थ फेकते. चाखत नाही. माझी सून, जिनं ते मंडळातलं चित्रीकरण पाहिलंय, ती म्हणते आई, तुम्ही सांगता एक आणि करता एक. बरोबर आहे तिचं.

उरलेलं पोतं बाबूजींनी पुरलं. खोल पुरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबूजींना कुदळीची सवय नव्हती. मामा गावी, आई दवाखान्यात. त्यांनी मागच्या अंगणात, सांबाराच्या वाफ्यापलीकडे, जमेल तेवढा खड्डा केला, दाणा त्यात ओतला, पोतं जाळलं आणि माती लोटली. आई घरी आली त्या सुमारास हत्ती नक्षत्राचा पाऊस झाला, आणि दसरा उलटला तशी त्या कोपऱ्यात ज्वारी उगवली. एवढी दाट, एवढी हिरवीगार, की बोट घालायला जागा नव्हती. शेवटी बियाणंच होतं ते. पेरण्यासाठी निवडलेलं, जपलेलं, टपोरं. शोभा ओरडत आत आली, आई, ज्वारी आली. बाबूजींनी धोतर खोचलं आणि ती मुळासकट उपटायला लागले. ढीग झाला. गुरांना तो घालता येत नव्हता आणि कुठे टाकायचा ते त्यांना सुचत नव्हतं.

आई माझा हात धरून अंगणात आली. तिनं खाली वाकून ढिगातला एक कोंब उचलला, तोंडासमोर अगदी जवळ धरून पाहिला, मग बोटांत फिरवला, ज्या बोटांना आता काही लागत नव्हतं. आम्ही तिघंही थांबलो होतो. घरातून काही बाहेर जायचं तर तिच्या तोंडून शब्द निघावा लागे, ती सवय अजून गेली नव्हती. मला वाटलं, ती आता विचारेल, कडबा वाळवून जळणाला तरी होईल का.

"बी चांगलं होतं," ती म्हणाली. हळू, एकेक शब्द जुळवत.

मग तिनं तो कोंब खाली सोडला, पदराला हात पुसला आणि म्हणाली, "टाका."

बाबूजींनी विचारलं, काय म्हणालीस? त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं, की पुन्हा ऐकायचं होतं, ते मला सांगता येणार नाही. माझ्या हाताला धरून, भिंतीच्या कडेकडेनं, ती आत निघाली.